तीन स्वर एकत्र का नांदतात?



व्याख्यानमालेच्या चालकांनी बोलावले, तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर बोलू अशी त्यांची समजूत होती. विषय कळवल्यावर त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. आम्ही संगीतातले पंडित नव्हे. १९८२ च्या गिरणी संपात वडिलांचे काम गेले, आमची शाळा सुटली, आणि पुढचे शिक्षण वाचनालयात व चळवळीत जसे झाले तसे झाले. समोरची पेटी आमच्या कलापथकाची आहे. तिच्या दोन काळ्या पट्ट्या अडकतात; पण आज पांढऱ्या एकला सा धरून सारे काम पांढऱ्या पट्ट्यांवरच भागणार आहे.

वीसएक वर्षांपूर्वी एका मेळाव्यासाठी आम्ही एक गाणे पाश्चात्त्य पद्धतीने, म्हणजे एकाच वेळी तीन स्वरांत, म्हणायचे ठरवले. अशा तीन स्वरांच्या जुडग्याला कॉर्ड म्हणतात. पुस्तक वाचून आम्हीच स्वर वाटले. पहिल्या रांगेला सा, दुसरीला ग, तिसरीला प. मग तिघींनी मिळून म, ध, तार सा वर जायचे. तेथून प, नि, तार रे वर. आणि परत घरी. एकही स्वर पुस्तकाबाहेरचा नव्हता. तरी मधली रांग दुसऱ्याच उडीला बेसूर झाली, आणि तालीम पाहायला आलेल्या एकाने विचारले, “गाणं म्हणताय की जिना चढताय?”

त्या दिवशी तेथे गोव्याचे एक वृद्ध व्हायोलिनवादक होते. धोबी तलावच्या एका कुडीत, म्हणजे मुंबईला आलेल्या गोव्याच्या गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, ते राहत. लहानपणी चर्चमध्ये स्वरलेखन शिकलेले, पुढे आयुष्य सिनेमाच्या वाद्यवृंदात गेलेले. ते म्हणाले, “अरे बाबा, सगळ्यांना कशाला उठवतोस? ज्याला बसून राहता येतं त्याला बसू दे की.”

त्यांनी केले ते ऐका. पहिली कॉर्ड सा, ग, प. दुसरीत म, ध, सा हवेत ना? मग सा जागेवरच राहील. ग शेजारच्या म वर जाईल, प शेजारच्या ध वर. तिसरीत प, नि, रे यांच्या घरी जायचे. तेथे म राहू द्या, सा खाली नि वर येईल, ध प वर. (रे गाळला तरी चालतो.) शेवटी प थांबेल, नि सा वर चढेल, म ग वर उतरेल. (येथे वक्त्यांनी दोन्ही रीती पेटीवर वाजवून दाखवल्या.) पहिल्या वेळी आमचा पंजा पेटीभर धावत होता. दुसऱ्या वेळी बोटे जेमतेम हलली. गिरणीत पाळी बदलताना सारे खाते एकदम रिकामे करीत नसत, तसेच हे.

कॉर्डमधला मधला किंवा वरचा स्वर तळाशी ठेवून तिची बैठक बदलणे, याला इन्व्हर्शन म्हणतात. सा-ग-प, ग-प-सा, प-सा-ग ही तिन्ही एकाच घरातली माणसे, मूळ सा हाच, असे रामो या फ्रेंच संगीतकाराने १७२२ च्या आपल्या ग्रंथात मांडले. मात्र घर एक म्हणून बैठका सारख्या नव्हेत. सा तळाशी असला की कान निवांत बसतो. प तळाशी गेला की तेच स्वर दारात उभे राहिल्यासारखे वाटतात. मोझार्टच्या पियानो-कन्चेर्टोंत सारा वाद्यवृंद अशाच बैठकीवर येऊन थांबतो आणि एकटा पियानोवादक आपली करामत दाखवू लागतो. मैफल अजून संपलेली नाही, हे श्रोत्याला कोणी सांगावे लागत नाही.

पण मुळात हे तीनच स्वर का? याचे निम्मे उत्तर आपल्या तंबोऱ्यात आहे. चांगला जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलतो. तार सेकंदाला १०० वेळा हलत असेल, तर तिच्यातच २००, ३००, ४००, ५००, ६०० अशी कंपनेही असतात. ४०० सा, ५०० ग, ६०० प. एका तारेच्या पोटात सबंध कॉर्ड! हेल्महोल्ट्झने १८६३ साली दाखवले की ज्या स्वरांची ही अंतर्गत कंपने जवळजवळ येऊन एकमेकांना घासतात ते कर्कश वाटतात, ज्यांची जुळतात ते गुळगुळीत.

इतक्यावर समाधान मानून “हा निसर्गाचा कायदा” म्हणणारे पुष्कळ आहेत. एका विद्वानांनी तर आम्हांला ऐकवले की ज्यांच्या गाण्यात कॉर्ड नाही त्यांचे गाणे बाल्यावस्थेतच राहिले. उलट दुसऱ्या एका गवयांनी सांगितले, तुम्हां लोकांचे कान या कामाचे नव्हेत. आम्हांला दोघांचेही पटत नाही. पेटीचा गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा किंचित चढाच असतो, तरी पेटीवरची कॉर्ड गोड लागते. मग नुसत्या गणिताने काय होते? बोलिव्हियाच्या अरण्यातील त्सिमाने लोकांवरचा एक अभ्यास २०१६ साली ‘नेचर’मध्ये आला. घासणारा खरखरीत आवाज त्यांनाही आवडत नाही. पण आपण ज्यांना सुसंवादी व विसंवादी म्हणतो अशा दोन्ही कॉर्ड त्यांना सारख्याच बऱ्या वाटल्या. म्हणजे खरखर ओळखणे जन्मजात असेल, पण घरी परतल्याचा आनंद हा ऐकून ऐकून, शेजारून शेजारी जाणारे स्वर ओळखीचे होऊन येतो. आणि जे सवयीने येते ते कोणालाही येऊ शकते. ‘इंटरनॅशनल’ची चाल १८८८ साली लील शहरातल्या कामगारांच्या गायकवृंदासाठी बांधणारा पिएर द गेतेर हा लाकूडकाम करणारा कामगारच होता.

आमच्या पहिल्या रांगेत झाडखात्यातल्या एक बाई होत्या. पहिल्या दोन कॉर्डना त्यांना सा च धरायचा होता. त्या रुसल्या, “बाकीच्यांना गाणं, आणि आम्हांला भोंगा?” व्हायोलिनवाले हसले, आणि खालच्या सुरात स्वतः सा वरून म वर गेले. बाईंचा सा आधी घराचा पाया होता, तो आता म चा पंचम झाला. बाई थांबल्या. म्हणाल्या, “दादा, मी हलले नाही हो. पण जागा बदलली.”

आता तुम्हीच पाहा. डावीकडच्या मंडळींनी सा धरावा, मधल्यांनी ग, उजवीकडच्यांनी प. आम्ही खूण केली की सा वाल्यांनी हलायचे नाही.

(श्रोत्यांनी तीन गटांत गाऊन पाहिले.)