मुले आपल्याकडे पाहत असतात
(मंडळीच्या वार्षिक सभेत वसतिगृहाच्या सेवेविषयी केलेले भाषण)



वसतिगृहातला एक प्रसंग सांगतो. त्यात चूक माझीच आहे.

पावसाळ्याचे दिवस होते. जेवताना पहिलीतल्या एका मुलाच्या हातून आमटी सांडली. मी दमलेलो होतो. बोट रोखून सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडलो. दोन दिवसांनी आठवीतला एक मुलगा एका लहानग्यावर तसेच बोट रोखून ओरडताना दिसला. शब्दही माझेच. मी त्याला हे शिकवले नव्हते. त्याने फक्त पाहिले होते.

1961 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील अल्बर्ट बंडुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 72 लहान मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर मोठ्या माणसाने हवेने फुगवलेल्या बाहुलीला मारले. काहींसमोर तो शांतपणे खेळत बसला. मारताना पाहिलेल्या अनेक मुलांनी पुढे बाहुलीला तसेच मारले. शांत माणूस पाहिलेल्या मुलांत हे फारच कमी दिसले.

आमच्या वारली पाड्यांवर हे नवे नाही. तिथे भाताच्या लावणीचा धडा कोणी देत नाही. पोर आईशेजारी चिखलात उभे राहते, तिचे हात पाहते आणि रोप लावू लागते. अशी पाहून शिकलेली मुले आमच्याकडे येतात. त्यांना आमचा उपदेश कमी आणि आमचे वागणे जास्त लक्षात राहते.

प्रभू येशू नम्रतेविषयी नुसता बोलला नाही. कमरेला रुमाल बांधून त्याने शिष्यांचे पाय धुतले आणि तोच कित्ता त्यांच्यापुढे ठेवला.

त्या रात्री प्रार्थनेआधी मी सर्व मुलांसमोर त्या चिमुकल्याची क्षमा मागितली. सोपे नव्हते. पुढच्या आठवड्यात आठवीतला तो मुलगा आपणहून लहानग्याला म्हणाला, "माझं चुकलं." सगळे बदलले असे म्हणत नाही, मलाही अजून राग येतो.

नाताळात आपण भेटी घेऊन याल, आनंदच आहे. एक विनंती करतो. पंगतीत मुलांशेजारी बसून जेवा. स्वयंपाकाच्या मावशींशी आदराने बोला. आपले ताट आपण धुवा. देणारा उभा आणि घेणारा वाकलेला, एवढेच जर मुलांनी पाहिले, तर तेही ती शिकतील.

 आमच्या वागण्यासाठीही प्रार्थना करा.