किमयेचे गुपित

 किमया खोटी ठरली आणि मग रसायनशास्त्र जन्माला आले, असा इतिहास आपण शाळेपासून ऐकतो. तो मला पटत नाही. भट्टी, मुशी, ऊर्ध्वपातनाची भांडी, इतकेच काय, तराजूसुद्धा किमयागारांपाशी होता. बदलली ती प्रयोग सांगण्याची रीत. आपली चूक परक्याला सापडावी इतक्या उघडपणे प्रयोग मांडायचा, ही रीत नवी होती.

ब्रुसेल्सचे व्हान हेल्माँट पक्के किमयावादी. हलक्या धातूचे सोने होते यावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी कुंडीत 200 पौंड सुकवलेली माती भरली, 5 पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड 169 पौंडांचे झाले, माती मात्र जेमतेम दोन औंसांनी घटली. तेव्हा लाकूड, साल, मुळे हे सारे पाण्यापासूनच झाले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो चुकला, कारण हवा हिशेबातच नव्हती. आणि ‘गॅस’ हा शब्द जगाला देणारे हेच हेल्माँट, याची मला फार हळहळ वाटते. तरीही 1648 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, हे आकडे छापून आले आणि पुढच्यांना त्या हिशेबात काय राहून गेले ते शोधता आले. किमयागारांनी सांकेतिक चित्रांत लपवलेल्या कृतीशी असा वाद घालताच येत नाही.

रॉबर्ट बॉइल यांच्यात दोन्ही रीती एकत्र दिसतात. 1661 च्या ‘द स्केप्टिकल किमिस्ट’मध्ये त्यांनी चार महाभूतांची आणि गंधक-पारा-मीठ या त्रयीची कठोर तपासणी केली. 1676 मध्ये सोन्यात मिसळताच तापणाऱ्या पाऱ्याविषयी त्यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले, पण तो पारा तयार करण्याची कृती मात्र हातची राखली. तेवढेही न्यूटनना जास्त वाटले. बॉइल यांनी मौन पाळावे, असे त्यांनी सोसायटीच्या सचिवांना पत्राने कळवले. न्यूटनसारख्या गणितज्ञाने हे लिहावे, यावरून गुप्ततेची पकड किती घट्ट होती ते कळते. बुद्धीची उणीव हे तिचे कारण खासच नव्हते.

पाणी आटवले की तळाशी माती उरते, म्हणून पाण्याची माती होते, ही समजूत पुढेही टिकली. फ्रेंच रसायनज्ञ लाव्हाझिए यांनी ती तपासायला किमयागारांचेच ‘पेलिकन’ हे भांडे घेतले. वाफ थंड होऊन पुन्हा आतच उतरावी अशी त्याची रचना असते. बंद भांड्यात पाणी 101 दिवस तापवले. एकूण वजन बदलले नाही. भांडे मात्र हलके झाले आणि ती घट मातीच्या वजनाशी जवळपास जुळली. माती काचेतून आली होती. वजनांसह हे सारे त्यांनी पॅरिसच्या अकादमीपुढे ठेवले. भांडे जुने, तराजू अधिक नेमका, आणि हिशेब सर्वांसमोर.

यावर एक आक्षेप वाजवी आहे: लाव्हाझिए यांच्यासारखे महागडे तराजू कितीजणांना परवडत होते? फारच थोड्यांना. इंग्लंडमध्ये रसायनज्ञ निकल्सन यांनी तर लाव्हाझिए यांच्या लांबलचक दशांशांवरच बोट ठेवले. इतकी अचूकता साधनांतून निघत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मला हा आक्षेप माझ्याच बाजूचा वाटतो. आकडे छापले होते, म्हणूनच त्यांवर बोट ठेवता आले. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. गुप्तता संपली कुठे? औषधांच्या आणि रंगांच्या कारखान्यांत आजही कृती कुलूपबंद असतात. खरे आहे. पण अशी कृती माल विकते. तिच्या जोरावर कोणी शास्त्रीय सिद्धान्त मांडू लागला, तर पहिलाच परीक्षक त्याच्याकडे पदार्थांची प्रमाणे, तापमान आणि मोजमापे मागतो. न्यूटन यांच्या काळात तीच झाकून ठेवणे हे जाणत्याचे लक्षण मानले जाई.