भरतीची वही

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आज मी तक्ता आणि आलेख या दोन गोष्टींबद्दल बोलणार आहे. विषय ऐकून कुणी रेडिओचा कान पिळू नये, एवढी विनंती. शाळेत आलेख कागदाने छळलेले लोक पुष्कळ असतात याची मला कल्पना आहे. त्या छळात माझाही थोडा हात आहे, म्हणून सुरुवात स्वतःच्या चुकीपासूनच करतो.

मी मालवण तालुक्यात माध्यमिक वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवतो. बरीच वर्षे मी आलेख हा चित्रकलेसारखा शिकवला. शीर्षकाला एक गुण, अक्षांना नावे दिली की एक, प्रमाण कोपऱ्यात लिहिले की एक, उरलेले गुण नीटनेटकेपणाला. उदाहरण ठरलेले असे : अ, ब, क, ड, इ या पाच गावांतील सायकलींची संख्या. मुले पट्टीने स्तंभ काढत, रंग भरत आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन जात. एकदा देवबागहून येणाऱ्या आठवीतल्या एका मुलीने असाच सुंदर आलेख काढला. मी वहीवर 'छान' असा शेरा मारला. तिने वही घेतली, क्षणभर पाहिली आणि विचारले, "सर, ह्या काढल्यावर कळता काय?"

मी काहीतरी उत्तर दिले. पण खरे उत्तर माझ्याकडे नव्हते. अ गावात सायकली जास्त आहेत हे आकडा वाचूनही कळत होते, आणि ते कळून कुणाचे काही अडत नव्हते.

देवबाग ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तारकर्लीच्या दक्षिणेला जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी, आणि टोकाला दोघांची गाठ. पलीकडे भोगवे. माडांच्या सावलीतून थोडे चालले की एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडे जाता येते. अशा गावात घड्याळापेक्षा पाण्याची वेळ महत्त्वाची. होडी खाडीच्या मुखातून केव्हा बाहेर काढायची, रापण केव्हा टाकायची, पर्यटकांना संगमाकडे केव्हा न्यायचे, सगळे भरती-ओहोटीवर. मग माझ्या मनात आले, या मुलांना अ गावातल्या सायकली कशाला मोजायला लावायच्या?

आमच्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. सकाळी तेवढ्याच सुमाराला आणि रात्रीही तेवढ्याच सुमाराला. त्यानंतर साधारण सहा तास बारा मिनिटांनी पूर्ण ओहोटी. एका विद्यार्थ्याच्या आजोबांना मी याबद्दल विचारायला गेलो, तर ते म्हणाले, "मास्तरांनू, तुम्ही माका तिथी सांगा, मी तुमका पाणी सांगतंय. कागद वाचून पाणी येतला काय?"

मी मुलांना म्हटले, आजोबांचा हिशेब आधी कागदावर मांडू या.

पहिला तक्ता दोनच रकान्यांचा झाला. डावीकडे तिथी, उजवीकडे भरतीची वेळ. प्रतिपदा पाऊण, म्हणजे बारा पंचेचाळीस. द्वितीया दीड. तृतीया सव्वादोन. असे करत पौर्णिमा सव्वाअकरा. पुढे वद्य प्रतिपदा पुन्हा बारा पंचेचाळीस. मुलांनी तक्ता भराभर भरला. कुणाला त्यात काही वावगे दिसले नाही. मलाही नाही.

मग आलेख काढला. आडव्या अक्षावर तिथ्या, उभ्या अक्षावर वेळ. रेघ पुढे चालू राहावी म्हणून पौर्णिमेनंतरच्या पाऊणच्या जागी पाऊण तास अधिक बारा असे धरले. ठिपके एका सरळ रेषेत चढत गेले आणि पौर्णिमेपाशी आल्यावर रेघ एकदम वर उडाली. एक मुलगा म्हणाला, "सर, हय काय तरी चुकलासा." आम्ही तक्ता पुन्हा तपासला. चूक नव्हती. रोज पाऊण तासाने पुढे जाणारी भरती पौर्णिमेनंतरच्या एका दिवसात दीड तासाने पुढे जात होती. सव्वाअकरावरून बारा पंचेचाळीसवर. आकडे तेच होते, आमच्या डोळ्यांसमोरच होते. पण तक्त्यात ती उडी लपून राहिली आणि आलेखात ती लपू शकली नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले.

आता ही उडी का? तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यामधल्या अंतरातले बारा अंश. पूर्ण फेरीच्या ३६० अंशांच्या तीस तिथ्या. एवढ्या काळात भरतीची वेळ चोवीस तास मागे पडत जाते. चोवीस तासांना तीसने भागले तर ४८ मिनिटे येतात. जुन्या मापाने बरोबर दोन घटका. आजोबांचा हिशेब मात्र ४५ मिनिटांचा. दर तिथीला तीन मिनिटे कमी. पंधरा तिथ्यांत ही तूट पंचेचाळीस मिनिटांची होते आणि पक्ष बदलला की हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो, म्हणून रेघ उडते. पाऊणकी तोंडपाठ असलेल्या माणसाला समुद्रावर उभ्या-उभ्या करता यावा, असा तो हिशेब आहे. तो चुकीचा नाही, सोपा केलेला आहे. चूक आणि सोपेपणा यांतला फरक मुलांना पुस्तकातून सांगून समजला नसता.

पण पाणी खरोखर काय करते? ते पाहण्यासाठी आम्ही खाडीच्या बाजूला एक बांबू रोवला. त्यावर दर दहा सेंटिमीटरला रंगाचा पट्टा. दुसरा गट समुद्राच्या बाजूला. मुलांच्या सोबत प्रत्येक वेळी घरातले कुणीतरी मोठे माणूस असेल, ही अट पहिली. दर अर्ध्या तासाने नोंद. वहीत पाच रकाने : तारीख आणि तिथी, वेळ, पाण्याची उंची, नोंद करणाऱ्याचे नाव आणि शेवटी शेरा.

समुद्राकडच्या गटाची पहिल्याच दिवशी फजिती झाली. लाट आली की पाणी वर, गेली की खाली. उंची कुठली लिहायची? शेवटी ठरले की लागोपाठ काही लाटांचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा घ्यायचा आणि त्यांचा मध्य काढायचा. सरासरी कशासाठी काढतात हे मुलांना त्या दिवशी पाण्यात भिजून समजले.

यानंतरची गोष्ट सांगायला थोडी अवघड आहे. एका मुलाच्या नोंदी फार सुरेख होत्या. त्याचा आलेख गुळगुळीत, एकही ठिपका रेघेबाहेर नाही. दुसऱ्या एका मुलाच्या वहीत दोन जागा रिकाम्या होत्या आणि शेऱ्यात लिहिले होते, 'रापण ओढूक गेलंय.' माझ्या जुन्या पद्धतीने पहिल्याला पूर्ण आणि दुसऱ्याला कमी गुण मिळाले असते. मी पहिल्याला बाजूला घेऊन सहज विचारले, दुपारी जेवायला केव्हा गेलास? तो गप्प झाला. जेवणाच्या वेळच्या नोंदी त्याने आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांवरून अंदाजाने भरल्या होत्या. मी रागावलो नाही. कारण नीटनेटकेपणाला गुण देऊन त्याला ते शिकवले कुणी? मीच.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात नियम झाला. नोंद नसेल तर जागा रिकामी ठेवायची आणि शेऱ्यात कारण लिहायचे. रिकामी जागा म्हणजे शून्यही नव्हे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत अशा नौकेच्या वहीत सुरमईपुढे शून्य लिहिले आणि आलेख काढला, तर पाहणाऱ्याला वाटेल की पावसाळ्यात समुद्रातली सुरमई संपते. सुरमई असते, होडी गेलेली नसते. 'मिळाले नाही' आणि 'पाहिले नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोठी माणसेही तो विसरतात.

पंधरवड्याच्या नोंदी जमल्यावर आम्ही त्या आजोबांच्या रेघेवर ठेवून पाहिल्या. चार गोष्टी दिसल्या. पहिली, दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. एक डोंगर मोठा, एक लहान. दुसरी, समुद्राकडची आणि खाडीकडची रेघ एकमेकींवर बसत नाही. खाडीत पाणी उशिरा चढते. तिसरी, उधाणाचे सर्वांत मोठे पाणी नेमके पौर्णिमेला नव्हे, तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी येते. आणि चौथी सर्वांत मजेची. भरती रोज सारख्याच मिनिटांनी पुढे जात नाही. पौर्णिमेच्या आसपास ती पाऊण तासापेक्षाही कमी सरकते आणि अष्टमी-नवमीच्या भांगाच्या दिवसांत तासाहून अधिक. म्हणजे आजोबांच्या हिशेबातली जी बाकी पौर्णिमेनंतर एकदम फेडावी लागते, ती समुद्र भांगाच्या दिवसांत फेडतो.

आलेख घेऊन आम्ही आजोबांकडे गेलो. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. उधाणाच्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्या बरोबर. पुनवेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिसाक पाणी जास्त चढता." मग नातवाला म्हणाले, "पण तुका ह्या कळूक पंधरा दिस लागले, माका पन्नास वर्सां लागली." माझ्या मते आलेखाची याहून चांगली व्याख्या कुठल्याही पुस्तकात नाही.

श्रोतेहो, आलेख ही फार जुनी गोष्ट नाही. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली व्यापाराचे आकडे रेघांनी आणि स्तंभांनी दाखवले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली आकृती काढून दाखवले की क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी अधिक मेले. आपल्या मुंबईत अपोलो बंदरावरच्या समुद्रपातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. समुद्र किती चढला हे आज शास्त्रज्ञ सांगतात, ते कुणीतरी सव्वाशे-दीडशे वर्षे कंटाळा न करता वही भरली म्हणून. आज मोबाइलवर भरतीची वेळ मिळते, संगणक क्षणात आलेख काढून देतो. पण वहीत काय लिहायचे आणि काय लिहायचे नाही, हे संगणक ठरवत नाही.

आता आम्ही दुसरी वही सुरू केली आहे. देवबागची पट्टी चिंचोळी आहे आणि दोन्हीकडून पाणी तिला खाते. माड पडतात, बंधारे बांधले जातात, लाटा त्यांच्याशीही झुंजतात. घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "पूर्वी समुद्र लय लांब होतो." किती लांब? कुठल्या साली? त्याला उत्तर नाही, कारण वही नाही. म्हणून मुलांनी एक न हलणारी खूण ठरवली आहे. तिथपासून भरतीच्या ओल्या रेघेपर्यंतचे अंतर दर पौर्णिमेला आणि अमावास्येला टेपने मोजायचे.

पहिल्या पावसाळ्यात आकडे भराभर खाली आले आणि मुले घाबरली. मी म्हटले, थांबा. पावसाळ्यात खवळलेला समुद्र वाळू ओढून नेतो आणि नंतर शांत दिवसांत पुष्कळशी परत आणून टाकतो. मे महिन्याची तुलना ऑगस्टशी केली तर दरवर्षी गाव बुडाल्यासारखे दिसेल. जानेवारीशी केली तर वाढल्यासारखे. मेची तुलना पुढच्या मेशीच करायची. त्यामुळे या वहीचा पहिला खरा आलेख काढायला काही वर्षे लागतील, आणि तो काढताना आजची मुले वर्गात नसतील.

परवा त्या मुलीने, जिने मला पहिला प्रश्न विचारला होता, धाकट्या भावाला वही कशी भरायची ते शिकवताना मी ऐकले. ती सांगत होती, "पाऊस होतो म्हणान जावक नाय गावला, तर तसाच लिही. मनान घालू नको." मी पुढे काही शिकवायला गेलो नाही.

तुमच्या गावात समुद्र नसेल. विहीर असेल, तिच्या पायऱ्या मोजता येतील. आंब्याला मोहोर कधी आला, पहिला पाऊस कधी पडला, एवढे लिहिता येईल. शंभर पानी वही पुरते. शेऱ्याचा रकाना तेवढा ठेवायला विसरू नका.