घटनादुरुस्तीचा प्रस्ताव आणि एक मत

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मंडळाच्या घटनेतील एखादे कलम बदलावयाचे झाल्यास आधी सूचना द्यावी लागते, सभा भरवावी लागते, गणसंख्या मोजावी लागते. आणि एवढे करूनही पुरेशी मते न पडल्यास कलम आहे तसेच राहते. हा अनुभव आपणां सर्वांस आहे. देशाच्या घटनेची रीतही तत्त्वतः हीच आहे.

अनुच्छेद ३६८ प्रमाणे दुरुस्तीचे विधेयक संसदेच्या कोणत्याही सभागृहात मांडता येते. ते मंत्र्यानेच मांडावे असे नाही. साध्या सदस्यासही तो अधिकार आहे, आणि त्यास राष्ट्रपतींची पूर्वसंमती लागत नाही. राज्यांच्या विधिमंडळांस या अनुच्छेदाखाली प्रारंभ करता येत नाही. काही तरतुदींच्या बाबतीत मात्र किमान निम्म्या राज्यांची अनुमती घ्यावी लागते.

सुचविणे असे सोपे. संमत होणे कठीण. प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत हवे, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश अनुकूल हवेत. सभागृहांत मतभेद झाल्यास संयुक्त बैठकीची सोय येथे नाही.

या अटीचे मोल १९७० साली दिसले. संस्थानिकांचे तनखे बंद करणारे विधेयक लोकसभेत संमत झाले. ५ सप्टेंबर रोजी राज्यसभेत १४९ मते अनुकूल आणि ७५ प्रतिकूल पडली. २२४ चे दोन-तृतीयांश १४९ हून किंचित अधिक होतात; म्हणजे एका मताच्या केवळ एक-तृतीयांशाने विधेयक पडले! त्यानंतर लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढण्यात आली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात तो आदेश रद्द ठरविला. अखेर १९७१ मध्ये सव्विसाव्या दुरुस्तीने, विहित मार्गानेच, तनखे संपुष्टात आले.

आमचे आयुष्य फायलींत गेले. “हेतू चांगला आहे, मग पद्धतीचे काय घेऊन बसता?” हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले; आणि खरे सांगावयाचे तर एक-दोनदा आम्हीही उच्चारले. तनखे जावेत की राहावेत, याविषयी दुमत असू शकेल. परंतु चांगल्या हेतूसाठी मोडलेली रीत उद्या वाईट हेतूच्याही कामी येते, हे आम्हांस उशिरा उमगले.

आपण परप्रांतात राहतो, येथे आपण थोडे आहोत. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, हे सांगणारा अनुच्छेद ३५० क मूळ घटनेत नव्हता. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने तो आला. दुरुस्तीचे दार उघडे होते म्हणून तो आत येऊ शकला. त्या दाराला भक्कम उंबरठा आहे, म्हणून तो सहजासहजी बाहेर जाणार नाही. थोड्यांना आधार वाटावा तो या दोहोंचा.