बाईंच्या प्रश्नाचं उत्तर
(१९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी सांगितलंय, पाच मिनिटं बोल आणि बस. शाळेतही मला हेच सांगावं लागायचं, त्यामुळे राग नाही.

नववीतली वक्तृत्व स्पर्धा आठवते? विषय होता नेताजी. मी टेबलावर मूठ आपटून म्हटलं होतं, "३० डिसेंबर १९४३ रोजी अंदमान स्वतंत्र झालं!" टाळ्या पडल्या. पण इतिहासाच्या बाईंनी मला दुसरा नंबर दिला. मधल्या सुट्टीत बोलावून म्हणाल्या, "बोललास छान. पण तिथे राहणाऱ्या माणसांचं पुढे काय झालं, ते वाचलंस का?" मी वाचलं नव्हतं. घरी जाऊन आईला सांगितलं, बाई पक्षपाती आहेत. पहिला नंबर मिळालेली मुलगी आज तिसऱ्या रांगेत बसून हसते आहे.

गेल्या जानेवारीत आम्ही दोघं अंदमानला गेलो. आपल्या डोंबिवलीत दर चौथ्या घरातलं कुणीतरी अंदमानला जाऊन आलेलं असतं, आणि सगळे जातात ते सावरकरांची कोठडी बघायला. मीही त्यासाठीच गेलो. १९११ साली त्यांना अंदमानला नेलं ते आपल्या ठाण्याच्या तुरुंगातून. लोकलने जाताना ठाणं किती वेळा येतं, पण हे लक्षात येत नाही. कोठडीसमोर उभा राहिलो तेव्हा मात्र आलं.

मग तिथलं संग्रहालय बघितलं. नेताजींच्या भेटीचे फोटो होते. माझं भाषणच भिंतीवर लावल्यासारखं वाटलं. खुशीत बाहेर आलो आणि गाईडला विचारलं, "सात इमारती होत्या ना? तीनच कशा?" तो म्हणाला, "काही जपान्यांनी पाडल्या. बंकरला सामान हवं होतं." आणि मग त्याने पुढचं सांगितलं.

२३ मार्च १९४२ ला जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरलं. इंग्रज निघून गेले होते, लोकांना वाटलं सुटलो. पण थोड्याच दिवसांत हेरगिरीचे आरोप सुरू झाले आणि त्याच सेल्युलर जेलमध्ये बेटावरचीच माणसं कोंडली गेली. डॉ. दिवाण सिंग हे इंडियन इंडिपेंडन्स लीगचे तिथले प्रमुख, पंजाबी कवी. नेताजी बेटावर आले तेव्हा ते याच तुरुंगात होते. नेताजींना लोकांशी मोकळेपणाने बोलूच दिलं गेलं नाही. १४ जानेवारी १९४४ ला छळाने डॉक्टरांचा मृत्यू झाला. ३० जानेवारीला हमफ्रेगंजला चव्वेचाळीस जणांना गोळ्या घातल्या. त्यात लीगचेच लोक होते. झेंडा फडकल्याला जेमतेम महिना झाला होता. १९४५ मध्ये अन्न संपत आलं तेव्हा शेकडो लोकांना शेती करायला नेतो म्हणून बोटीत घातलं आणि हॅवलॉकजवळ समुद्रात ढकललं. बहुतेक बुडाले. जपानी सैन्याने शरणागती पत्करली ऑक्टोबर १९४५ मध्ये.

दुसऱ्या दिवशी टूरवाल्यांचा समुद्रकिनारा सोडून आम्ही गाडी करून हमफ्रेगंजला गेलो. ड्रायव्हर तिथलाच. म्हणाला, त्याची आजी 'जपानी टाइम' म्हणताना आवाज खाली आणायची, घरात कुणी परकं नसलं तरी.

स्मारकापाशी तारीख वाचली आणि शाळा आठवली. ३० जानेवारीला सकाळी अकराला भोंगा व्हायचा, आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहायचो. गांधीजींच्या आधी बरोबर चार वर्षं, त्याच तारखेला हे चव्वेचाळीस गेले होते, आणि मला त्यांची गंधवार्ता नव्हती. मी तिथे दोन मिनिटं उभा राहिलो. भोंगा नव्हता. बायको शेजारी उभी राहिली, काही विचारलं नाही.

नेताजींवरची माझी श्रद्धा तसूभरही कमी झालेली नाही. त्यांनी तिथे झेंडा फडकवला, हे खरंच आहे. पण भाषणात मी झेंड्याकडे बघितलं, मैदानाबाहेरच्या माणसांकडे नाही. आणि तेच अर्धं भाषण पुढे मुलाला पाठ करून दिलं, त्याच्या शाळेच्या स्पर्धेसाठी. त्याला पहिला नंबर मिळाला. त्याला विचारणारं कुणी भेटलं नाही, याची आता चुटपुट लागते. परत आल्यावर त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, हे तेव्हा का नाही सांगितलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. प्रश्न तुम्ही नववीत विचारला होता, उत्तर साठीजवळ आल्यावर देतोय. उशिराचे मार्क कापा. दुसरा नंबर बरोबर होता.