चित्र विकायचे कुठे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



 मी भाषणे करणारी बाई नव्हे. ब्रश धरणारी आहे. तेव्हा बोलण्यात काही उणेअधिक झाले तर सांभाळून घ्यावे. विषय मात्र मी होऊन मागून घेतला. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्यापैकी तिघीचौघींनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला होता : “अहो, आम्ही काढलेली चित्रे विकायची तर कुठे? कलादालनात द्यावी, की घरबसल्या फोनवरून विकावी?” त्या वेळी हातात तिळगुळाचा डबा होता, म्हणून उत्तर राहून गेले. ते आज देते.

हा प्रश्न तसा नवा नाही. राजा रविवर्मा राजेरजवाड्यांसाठी चित्रे काढीत. परंतु १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर आल्या. ज्याला तैलचित्र घेण्याची ऐपत नव्हती, त्याच्याही देव्हाऱ्याशेजारी रविवर्म्यांचे चित्र लागले. पुढे तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तोट्यात आला, आणि अखेर एका जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. चित्रे घरोघर पोचली. हिशेब मात्र जमला नाही. पुष्कळांनी पाहणे आणि पदरात पैसे पडणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढे यावरून ध्यानात ठेवावे.

कलादालने तरी आपल्याकडे कुठे फार जुनी आहेत? स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत नव्या चित्रकारांना चित्रे टांगायला धड जागा नव्हती. केकू गांधी यांचा चित्रांच्या चौकटी तयार करण्याचा धंदा होता. त्यांनी आपल्या दुकानाच्या काचेत आरा, हुसेन अशांची चित्रे लावायला सुरुवात केली. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली, आणि १९६३ साली गांधींनी तिच्याच पहिल्या मजल्यावर केमोल्ड हे आपले दालन थाटले. सुरुवातीला हे चित्रकार काही नामांकित नव्हते. ‘हे चित्र घ्या, पुढे याची किंमत कळेल’ असे गिऱ्हाइकाला सांगणारा कोणीतरी विश्वासाचा माणूस लागतो. चांगला दालनवाला ते काम करतो. त्याचे कमिशन हे भिंतीचे भाडे नसते, त्याने टाकलेल्या शब्दाचे मोल असते. तो शब्द न टाकताच जो कमिशन घेतो, त्याच्याविषयी मात्र आपण जागरूक राहिले पाहिजे.

आता दालनांतही दोन प्रकार आहेत. जहांगीरसारख्या ठिकाणी दालन आठवड्याच्या हिशेबाने भाड्याने मिळते. अर्ज करून काही वर्षे थांबावे लागते, आणि चित्रे विकली जावोत न जावोत, भाडे आपलेच. दुसऱ्या प्रकारची दालने भाडे घेत नाहीत, विक्रीतला हिस्सा घेतात. तो साधारणपणे तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असतो.

माझाच हिशेब सांगते, म्हणजे नुसत्या शब्दांवर जायला नको. विहिरीवरच्या बायकांचे माझे एक जलरंगातले चित्र एका दालनात १२,००० रुपयांना गेले. चाळीस टक्के कमिशनचे ४,८०० वजा झाले. चौकटीला १,९०० आणि टेंपोला ६०० मी आधीच पदरचे घातले होते. हाती राहिले ४,७००, आणि तेही तीनदा आठवण केल्यावर पाचव्या महिन्यात मिळाले. मला राग आला. मुलीने इन्स्टाग्रामवर माझे खाते उघडून दिले, आणि त्याच मापाचे दुसरे चित्र मी ६,००० रुपयांना लावले. आठ दिवसांत नाशिकच्या एका गृहस्थांनी ते घेतले. खोका आणि कुरिअर यांचे ७०० वजा जाता ५,३०० रुपये थेट माझ्या खात्यात जमा झाले. माझ्या खात्यात म्हणते, कारण भगिनींनो, स्वतः मिळवलेला पैसा स्वतःच्या नावावर पडताना पाहणे हे सुख आपल्यापैकी पुष्कळजणींना फार उशिरा लाभते.

इथेच गोष्ट संपली असती तर मी तुम्हांला ‘दालने सोडा’ असे सांगून खाली बसले असते. पण पंधरा दिवसांनी पहिले चित्र घेणाऱ्या डॉक्टरबाईंचा फोन आला. आवाजात राग नव्हता. त्या म्हणाल्या, “बाई, तुमची चित्रे फोनवर निम्म्या किमतीत मिळतात असे पाहिले. मी फसले का हो?” मला उत्तर देता आले नाही. दालनाने मला पाच महिने थांबवले, हा त्यांचा दोष. पण माझ्यावर विश्वास ठेवून पैसे मोजणाऱ्या बाईला खाली पाहायला मी लावले, हा दोष सर्वस्वी माझा होता. त्या दिवसापासून मी एक नियम केला : माझ्या चित्राची किंमत एकच, दालनात तीच, घरी तीच, फोनवर तीच. घरून विकताना जो जास्त पैसा उरतो, तो माझ्या खटपटीचा. खटपटही थोडी नसते. फोटो काढा, शंभरजणांच्या ‘किंमत काय’ला उत्तरे द्या, खोके बांधा, आणि ‘फोटोतला निळा वेगळा होता’ म्हणून परत आलेले चित्र मुकाट्याने उतरवून घ्या. मीही एक असे चित्र कोपरा दुमडलेल्या स्थितीत परत घेतले आहे.

घरबसल्या विक्री म्हणजे हलकी विक्री, असेही कोणी समजू नये. मुंबईतील सॅफ्रनआर्ट ही संस्था २००० सालापासून इंटरनेटवर चित्रांचे लिलाव करीत आली आहे, आणि मोठमोठे संग्राहक तिथे बोली लावतात. २०२० साली कोरोनाने दारे बंद केली, तेव्हा तर नामांकित दालनांनाही आपली प्रदर्शने पडद्यावरच मांडावी लागली.

आता जी गोष्ट आपल्या मंडळाने विशेष मनावर घ्यावी, ती वारली चित्रांची. लग्नघरी चौक लिहिण्याचा मान मुळात सुवासिनींचा. तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहिणाऱ्या त्या बायकांनी कधी सही केली नाही. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणली, १९७५ साली केमोल्डमध्ये त्यांचे प्रदर्शन झाले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते थोर चित्रकार होते, याबद्दल दुमत नाही. पण दालनातून जग पाहायला गेले ते चित्रकाराचे नाव. पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायकांची नावे भिंतीबरोबर सारवली गेली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. तरीही उशीच्या अभ्य्रांवर आणि कपबशांवर छापलेली ‘वारली’ नक्षी आज कोणीही कुठूनही विकतो. तेव्हा दालन असो वा फोन, नाव लिहिल्यावाचून कलेचे मोल मालकिणीकडे येत नाही.

म्हणून चार गोष्टी सांगते. पहिली, प्रत्येक चित्रावर सही आणि साल घाला, आणि घरी एक वही ठेवा : चित्राचे नाव, माप, किंमत, कोणाला दिले, कधी दिले. दुसरी, दालनात चित्र देताना लेखी पावती घ्या. त्यात किंमत, कमिशन, पैसे देण्याची मुदत आणि चित्र खराब झाल्यास भरपाई कोणाची, हे चारही असावे. ‘आपल्यात कशाला कागद’ असे म्हणणाऱ्याकडून तर आधी घ्यावी. तिसरी, फोनवर टाकायचा फोटो पाहण्यापुरताच मोठा असावा; छापण्याजोगा नसावा. आणि चौथी कायद्याची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र विकले म्हणजे त्याच्या प्रती काढण्याचा हक्क विकला असे होत नाही. तो लेखी करारावाचून दुसऱ्याकडे जात नाही. मात्र कोणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा नियम वेगळा आहे, तिथे आधीच लिहून घ्यावे. याच कायद्यात १९९४ साली आणखी एक कलम आले : मूळ चित्र पुढे दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्यात चित्रकाराला जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. पण ते पुन्हा विकले गेले हे कळायला हवे ना! त्यासाठीच ती वही.

दालन की फोन, याचे माझे उत्तर आता आपल्या ध्यानात आलेच असेल. ज्या दालनाचा माणूस आपल्या चित्रासाठी शब्द टाकतो आणि वेळेवर पैसे देतो, त्याला त्याचा वाटा आनंदाने द्यावा. तसा माणूस भेटेपर्यंत घरून विकावे. पण आपली किंमत आपणच उतरवू नये.

शेवटी मंडळाला एक विनंती. दिवाळीपूर्वी आपल्याच सभागृहात दोन दिवस सभासदांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवावे. भाडे नको, कमिशन नको. चित्राखाली बाईचे पूर्ण नाव आणि एकच किंमत असावी. पहिल्या वहीचा खर्च माझ्याकडे लागला. त्या डॉक्टरबाईंनाही मी बोलावणार आहे. त्यांना द्यायचे उत्तर अजून माझ्याकडे बाकी आहे.