गाडी सुरू होत नाही तेव्हा



वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत हा विषय वाचून काहींना हसू आले असेल. परंतु सकाळी कामावर जायच्या घाईत किल्ली फिरवली आणि गाडी ढिम्म राहिली, हा प्रसंग या मंडपातील पुष्कळांवर आलेला असणार. अशा वेळी मालक पुन्हा पुन्हा किल्ली फिरवतो, शेजारी धक्का मारायला पुढे येतो आणि तिसरा कोणी जाता जाता ‘बॅटरी गेली’ असा निकाल देऊन मोकळा होतो. नाडी न पाहता औषध देण्याचाच हा प्रकार.

‘गाडी सुरू होत नाही’ हे तक्रारीचे नाव झाले, रोगाचे नव्हे. आधी कान द्यावा. अगदी शांतता आहे, नुसती टकटक होते आहे, की स्टार्टर जोमाने फिरतो आणि इंजिन मात्र धरत नाही? या तीन निराळ्या गोष्टी आहेत.

‘दिवे लागतात, म्हणजे बॅटरी ठणठणीत,’ असे शिकलेली माणसेही बोलतात. पुढच्या जुन्या पद्धतीच्या दोन दिव्यांना मिळून नऊ-दहा अँपिअर लागतात. स्टार्टरला लहान मोटारीतही शंभरावर, मोठ्या डिझेल गाडीत कित्येक शे. माठाच्या तळाशी पेलाभर पाणी उरले असेल तर तहान भागते, आंघोळ होत नाही. म्हणून दिवे लावून ठेवावेत आणि मग किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तारेचा सांधा सैल आहे. दिवे तसेच राहिले आणि एकच ‘टक्’ झाले, तर स्टार्टरकडे किंवा त्याच्या स्विचकडे पाहावे. नव्या बॅटरीला हजारो रुपये मोजण्यापूर्वी टर्मिनलवर साठलेली पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, सांधा आवळा. माझ्या पाहण्यात कित्येक गाड्या तेवढ्यावर चालू झाल्या आहेत. दुकानदाराला अर्थातच हे आवडत नाही.

स्टार्टर जोमाने फिरत असेल, तर बॅटरी बहुधा निर्दोष सुटली. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी हवी आणि पेट्रोल हवे. डिझेलच्या इंजिनात ठिणगीचा प्लगच नाही. हवा दाबून इतकी तापते की तीत उडवलेले डिझेल आपोआप पेटते. पण पाइपात हवा शिरली की पंप त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो, डिझेल पुढे सरकत नाही. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, फेस थांबेपर्यंत हातपंप मारावा लागतो.

एका चालकावर निष्काळजीपणाचा आरोप होता. कंपनीचे नाव घेत नाही. गाडी सकाळी चाळीस मिनिटे उशिरा सुटली. साहेबांचे म्हणणे, याने टाकी कोरडी पडू दिली. चौकशी तीन आठवडे चालली, कागदांची चळत झाली. शेवटी मी संघटनेतर्फे एका म्हाताऱ्या फिटरला साक्षीला बोलावले. त्याने चालकालाच विचारले, “सेल्फ कसा फिरत होता रे?”

“झकास फिरत होता, चाचा.”

“आणि धूर?”

“धूर बिलकूल नव्हता.”

सेल्फ फिरतो आणि नळीतून धूर नाही, याचा अर्थ इंजिनात डिझेल पोचतच नाही. फिटरने गाडी पाहिली. टाकी आणि पंप यांच्यामधल्या सांध्याचा वायसर चिरलेला निघाला. रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरायचे आणि सकाळी पाइपात हवा असायची. आरोप मागे घेतला गेला, कापलेला चार दिवसांचा पगार मिळाला. जो माणूस सीटवर बसला होता, त्याला तीन आठवड्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. वायसरची किंमत मी मुद्दाम विचारून घेतली होती. ती साहेबांच्या एका चहाइतकीही नव्हती.

आता धक्क्याविषयी. 1912 साली कॅडिलॅक मोटारीला केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसला. तोपर्यंत माणसे हँडल मारत आणि ते उलटे फिरले की मनगट मोडून घेत. पुढे धक्का हा गरिबाचा स्टार्टर झाला. पण आजच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत पंपाला आणि संगणकाला वीज लागते. बॅटरी पुरती मेली असेल तर धक्का मारणाऱ्यांचा नुसता घाम निघतो. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीला तर धक्का लागूच पडत नाही. विजेच्या मोटारीतही बहुधा एक लहान बारा व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही मोटार जागी होत नाही.

दुसऱ्या गाडीवरून वीज घेताना मात्र जपावे. धन टोकाला धन टोक जोडा. ऋणाची शेवटची तार बंद गाडीच्या बॅटरीला न लावता, बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि जोडताना ठिणगी उडते. गर्दीत कोणी विडी ओढत असेल, तर त्याला आधी चार हात लांब उभे करा.